शेजारच्या केनियन कुटुंबाशी मुलाच्या ऑटिझमबद्दल बोलायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुमच्या इमारतीत शिकायला आलेलं एक केनियन जोडपं राहतं. त्यांचा साडेचार वर्षांचा मुलगा बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, दारातल्या चपला तासभर ओळीने लावत बसतो. तुमच्या भाच्याला ऑटिझम आहे, म्हणून तुम्हाला ते लगेच जाणवलं. तुम्ही विषय काढलात आणि त्या आईने दार लावून घेतलं. आता तुमचा प्रश्न: आफ्रिकन लोक हे मान्य का करत नाहीत?

मी स्पीच थेरपिस्ट आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं नैरोबीत होते आणि तिथल्या एका छोट्या केंद्रात मुलांबरोबर काम केलं. आफ्रिका म्हणजे ५४ देश, त्यामुळे मुख्यतः केनियाबद्दलच लिहिते.

दार लावून घेणारी आई मी खूप वेळा पाहिली आहे. एकदा पश्चिम केनियातल्या काकामेगाकडची एक बाई पाच वर्षांच्या मुलाला लेसोने, म्हणजे तिथल्या छापील सुती कापडाने, पाठीशी बांधून घेऊन आली. मुलाचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. मला वाटलं, चालता येत नसेल. तिने गाठ सोडली तर पोरगं खोलीभर पळत सुटलं! मग कोपऱ्यात बसून त्याने खिशातली सोड्याच्या बाटल्यांची बुचं काढली आणि भिंतीलगत मांडली. सगळी उताणी, मध्ये एकसारखं अंतर सोडून. मी एक बूच हलवलं, त्याने न बघता ते परत जागेवर ठेवलं. मी आईला विचारलं, एवढ्या मोठ्या मुलाला पाठीवर का आणलंस? म्हणाली, "मटाटूत लोकांना वाटतं झोपलाय. मग कोणी काही विचारत नाही." मटाटू म्हणजे तिथली खाजगी मिनीबस.

तिच्या बोलण्यात स्वाहिली या तिथल्या भाषेतले दोन शब्द सारखे येत होते. मापेपो म्हणजे भुतंखेतं आणि लाना म्हणजे शाप. शिवाय सासूचं एक वाक्य होतं, "ही हायजातोका क्वेतू", हे आमच्याकडून आलेलं नाही. ते ऐकताना मला आपल्याकडचं "आमच्या घराण्यात असलं काही नाही हो" आठवलं. तुमच्या बहिणीनेही ते ऐकलं असेल.

याला नुसतं अज्ञान म्हणून सोडून देऊ नका. काही मुलं दीड वर्षापर्यंत दोन-चार शब्द बोलतात आणि मग ते शब्द जातात. अंगावर खूण नाही, ताप नाही, चेहरा गोजिरवाणा. आपल्या डोळ्यांसमोर मूल असं हरवत गेलं तर कोणीतरी करणी केली असं वाटणं मला समजू शकतं. आपणही दृष्ट काढतोच की. खरी अडचण पुढे सुरू होते. कारण शोधता शोधता घर दोषी माणूस शोधायला लागतं आणि सगळ्यात जवळ सापडते ती आई. तिने काही पाप केलं असेल, गरोदरपणात काही पाळलं नसेल. मग मगांगाकडे, म्हणजे वैदूकडे, खेपा होतात, चर्चमध्ये रात्रभराच्या केशा प्रार्थना होतात, त्यात बकऱ्या विकल्या जातात, वर्षं जातात. कधी नवराही निघून जातो. त्या बाईचा गेला होता.

हे एका घराचं दुखणं नाही. इथिओपियात आदिस अबाबाच्या दवाखान्यांत आलेल्या, वाढीच्या अडचणी असलेल्या मुलांच्या १०२ पालकांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे ४५ टक्के पालकांनी लाज वाटते असं सांगितलं आणि चौथ्या हिश्शाहून अधिक जण मुलाची अवस्था लपवत होते. आणि हा श्रीमंतांचा, गोऱ्यांचा आजार आहे हा समजही खोटा. व्हिक्टर लॉटर या संशोधकाने आफ्रिकेतल्या अनेक शहरांत फिरून ऑटिझमची लक्षणं असलेली मुलं पाहिली आणि १९७८ मध्ये त्याबद्दल लिहिलं.

जिचं तोंड बंद केलं जातं, तीच आई तिथे आधी बोलायला लागली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घानात अक्रा इथे सेर्वा क्वेनॉर यांनी १९९८ मध्ये केंद्र काढलं, आदिस अबाबात झेमी येनुस यांनी २००२ मध्ये 'जॉय सेंटर' सुरू केलं. दोघींनाही ऑटिस्टिक मुलगे. केनियाची ऑटिझम सोसायटी २००३ ची, तीही पालकांनीच उभी केलेली. स्वाहिलीत आता ऑटिझमला शब्द आहे, उसोंजी. शापाला उत्तर द्यायचं तर आईच्या तोंडात तिच्या भाषेतला शब्द हवा, हे मी तिथे शिकले. काकामेगाची ती बाई दीड वर्षाने मुलाचं बोट धरून आली, लेसो खांद्यावर. मटाटूच्या कंडक्टरने विचारलं होतं, याला काय झालंय? ती म्हणाली होती, "आना उसोंजी." त्याला उसोंजी आहे. मला सांगताना तिचे हात थरथरत होते.

आता तुमचं. पहिल्याच भेटीत ऑटिझम हा शब्द काढलात ते घाईचं झालं, पण बिघडलेलं काही नाही. तिला मुलाच्या नावाने "मामा अमुक" अशी हाक मारा, केनियात आईला असंच आदराने बोलावतात. त्याच्याबद्दल बोलू नका, भाच्याबद्दल बोला. बहिणीला लोक काय काय म्हणाले तेही सांगा, अगदी टोचणारं असलं तरी. मुलाशी जमिनीवर बसून खेळा, चपला मांडायला त्याला मदत करा. तिच्या डोळ्यांसमोर कोणीतरी तिच्या मुलाला न घाबरता जवळ घेतंय, हे तिला दिसू द्या.

चार-सहा भेटींनंतर कान तपासण्याचं सुचवा. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी आधी करायचीच असते आणि त्याला शापाचा वास नसतो, त्यामुळे आई सहसा तयार होते. पुढचं बालविकासतज्ज्ञ बघतील. निदान होईपर्यंत इमारतीत कोणाशी चर्चा नको. गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी पोचेल ही तिची भीती खरी असते, कारण ती पोचते.

आणि तिला चालणार असेल तर मी फोनवर स्वाहिलीत बोलेन. मोडकंतोडकं बोलते, पण बोलते. आधी तिला एकटीला विचारा, नवऱ्यासमोर नको. ती हो म्हणाली की इथे कळवा.