इंदूरात ज्येष्ठांच्या देखभालीच्या सरकारी निधीसाठी पाठपुरावा सुरू करताना

ताई, उत्साह छान आहे, पण मागणी घेऊन लगेच राजधानी भोपाळ गाठू नका.

आधी खर्च मांडायला शिका. रामबागेतल्या चार घरांत बसून आयाबाई, डायपर, फिजिओथेरपी यांचा महिन्याचा हिशोब लिहून घ्या. नवखे इथेच अडतात: अधिकाऱ्यानं ‘सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड (सरकारी आरोग्य विमा) आहेच की!’ म्हटलं की गप्प. अहो, ते ५ लाखांचं संरक्षण रुग्णालयात भरती झाल्यावरचं. घरच्या आयाबाईचा पगार त्यात बसत नाही.

मग आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीच्या २००७ च्या कायद्याचं कलम १९ वाचा. जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण सरकारवर सक्ती नाही. तिथेच रेटा लावायचा.

मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी असते; तिथे एका अर्जात एकच मागणी. पोचपावती घ्याच! बजेटचे तक्ते नंतर बघू.