व्हिक्टोरियन शिफोनियर खरं आहे हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की नॉटिंगहॅमच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात महॉगनीचं शिफोनियर (खण आणि दारं असलेलं बुटकं कपाट) २८० पौंडांना मिळतंय, दुकानदार ते १८६०च्या सुमाराचं आहे म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा का? आणि त्यावर मांडायला स्टॅफर्डशायरच्या मातीच्या शोभेच्या कुत्र्यांची जोडी घ्यायची तर खरी कशी ओळखायची? मीही मिडलंड्समध्येच राहतो आणि जमेल तेव्हा न्यूअर्कच्या अँटिक फेअरला चक्कर मारतो, म्हणून लिहितोय.

एक भीती आधी काढून टाका. २८० पौंडांसाठी कुणी अख्खं शिफोनियर बनावट करत बसत नाही. साध्या तपकिरी लाकडी सामानाचे भाव २०००नंतर इतके पडलेत की ते नव्याने करायला सुताराची मजुरीसुद्धा निघणार नाही. फसवणूक होते ती जोडजमावात. खालचा भाग एका कपाटाचा, वरचा दुसऱ्याचा. धंद्यात याला बिनदिक्कत ‘मॅरेज’ म्हणतात. शिफोनियरला मागच्या बाजूला उंच पाठ आणि एखादी फळी असते, नेमकी तीच हरवलेली असते आणि दुसरीकडची आणून बसवलेली असते. कपाटाच्या माथ्याची फळी मागच्या कडेला नीट बघा. स्क्रूची जुनी भोकं बुजवलेली दिसली आणि ती आताच्या पाठीशी जुळत नसतील, तर ही पाठ नंतर आलेली आहे.

दुकानात गेल्यावर दर्शनी बाजूकडे मुळीच पाहू नका, तिथे पॉलिशवाल्याने आपलं काम केलेलं असतं. सरळ वरचा खण ओढून पूर्ण बाहेर काढा आणि उजेडात धरा. त्या काळच्या चांगल्या इंग्रजी कामात कोपऱ्याचे डोव्हटेल सांधे (टोकाला रुंद होणारे दात एकमेकांत अडकवलेले) हाताने कापलेले असतात: दात बारीक, अंतरं नजरेनेच ठरवलेली, त्यामुळे एकसारखी नसतात, आणि सुताराने कापण्याआधी मारलेली बारीक रेघ अजून दिसते. मात्र इंग्लंडात हाताने कापणं शतकाच्या अखेरपर्यंत चालू होतं, त्यामुळे एवढ्यावरून १८६० साल सिद्ध होत नाही. (अमेरिकन सामान असेल तर मजा आहे. तिथे साधारण १८७१ ते १९०० या काळात नॅपच्या यंत्राचा सांधा चालला, अर्धवर्तुळं आणि मध्ये गोल खुंटी असा. एकदा पाहिला की विसरत नाही.)

खण उलटा करा. तळाच्या बाजूच्या कडा मागेपुढे घासून झिजलेल्या हव्यात आणि आतल्या ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्या त्याच मापाने खोलगट झालेल्या हव्यात. एक झिजलं आणि दुसरं कोरं असेल तर दोघांची आयुष्यं वेगळी आहेत. आतलं लाकूड कधी पॉलिश केलेलं नसतं, ते कोरडं, राखाडी-तपकिरी पडलेलं असतं. आतूनही सगळीकडे एकसारखा गडद रंग चोपडलेला असेल तर मी तो तुकडा सोडून देतो.

स्क्रू बघा. साधारण १८५०च्या आधीचे स्क्रू टोकाला बोथट आणि डोक्यावरची खाच जरा एका बाजूला सरकलेली. टोकदार, यंत्रावरचे स्क्रू त्यानंतर रुळले. बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड या स्क्रू बनवणाऱ्या कंपनीने त्यांचं अमेरिकन पेटंट १८५४ साली घेतलं. म्हणजे तुमच्या शिफोनियरला टोकदार स्क्रू असले तरी काळजीचं कारण नाही. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू मात्र १९३०च्या दशकानंतरचा. एखादा असेल तर दुरुस्ती, सगळेच असतील तर प्रश्न विचारा.

किड्याच्या भोकांवरून पुष्कळ कळतं. बाहेर येताना किडा एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडतो. पण पृष्ठभागावर आडवे, उघडे पडलेले बोगदे दिसले तर ते लाकूड किडल्यानंतर कापलेलं आहे, म्हणजे जुन्या फळीतून काहीतरी नवं घडवलंय. भोकाखाली फिकट ताजा भुसा पडला असेल तर किडा अजून जिवंत आहे, तसलं घरात आणू नका.

दारांना काच असेल तर तिरकं बघा. अगदी सपाट, निर्मळ काच म्हणजे बहुधा आधुनिक फ्लोट काच, आणि ती पिल्किंग्टन या काच कंपनीने १९५९ साली जाहीर केली. पितळी मुठीवर किंवा चाकांवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा छोटा शिक्का मिळाला तर चैन! हा नोंदणीचा शिक्का १८४२ ते १८८३ दरम्यान वापरात होता, वरच्या वर्तुळात धातूसाठी रोमन एक, लाकडासाठी दोन. त्यातल्या अक्षरांवरून डिझाइन कधी नोंदवलं ते कळतं. वस्तू कधी बनली ते नाही. १८८४पासून नुसता ‘आरडी’ (म्हणजे रजिस्टर्ड) आणि क्रमांक आला. खणाच्या वरच्या कडेवर ‘गिलोज लँकेस्टर’ असा त्या नामांकित फर्निचर कारखान्याचा ठसा दिसला तर दुकानदाराशी भावाबद्दल फार बोलू नका, पैसे द्या आणि निघा.

एक कायद्याची गोष्ट. किल्लीच्या भोकाभोवतीचा पांढरा तुकडा हाडाचा आहे की हस्तिदंताचा, विचारून घ्या. जून २०२२पासून इथे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. १९४७पूर्वीच्या वस्तूत तो दहा टक्क्यांहून कमी असेल तर सूट मिळते, पण विकण्याआधी नोंदणी करावी लागते.

आता कुत्रे. फायरप्लेसच्या माथ्यावर दोन टोकांना बसवायला हे स्पॅनियल केले जात, म्हणून एकमेकांकडे तोंड केलेली जोडी. जुन्यांच्या तळाशी सहसा काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे मुकुट आणि ‘स्टॅफर्डशायर’ असा ठळक छाप असेल तर नंतरचा माल समजा. जुना कुत्रा साच्यात माती हाताने दाबून केलेला असल्याने हातात जड लागतो आणि भाजताना हवा बाहेर जायला ठेवलेलं भोक बारीक असतं. तळाला बोट जाईल एवढं भोक आणि वजन हलकं, तर तो बहुधा अलीकडचा. वरचा सोनेरी मुलामा आरशासारखा झळकत असेल तर साधारण १८८०नंतरचा. त्याआधीचा मऊसर, बोटांनी झिजलेला असतो. सर्वांगावर एकसारख्या काळपट भेगा दिसल्या तर त्या मुद्दाम आणलेल्या.

मधली एक जात आहे, ती बनावटही नाही आणि व्हिक्टोरियनही नाही: बर्स्लेमच्या विल्यम केंट कारखान्यातून १९६२पर्यंत असे कुत्रे निघत होते. मला ते आवडतात, फक्त भाव त्यांच्याच काळाचा द्यायचा. आणि जोडी म्हणून घेताना दोन्ही शेजारी ठेवून उंची, गळ्यातल्या साखळीचा रंग आणि तळाची झीज पडताळा. एक झिजलेला आणि दुसरा कोरा असेल तर दोन सुट्या कुत्र्यांचा भाव सांगा, तो बराच खाली येतो.