राउटर बदलल्यावर घराचा कॅमेरा वायफायला का जोडला जात नाही?

तुमच्या प्रश्नातील हकीकत थोडक्यात अशी: सांगलीच्या घरी वडिलांनी जुने इंटरनेट बंद करून फायबरचे नवे कनेक्शन घेतले, त्यासोबत नवा राउटर आला, आणि तेव्हापासून फाटकाजवळचा कॅमेरा वायफायला जोडला जात नाही. रीसेट करून, क्यूआर कोड दाखवून चार वेळा प्रयत्न झाले, तरी ॲप प्रत्येक वेळी ‘पासवर्ड तपासा’ असेच सांगते. फोन मात्र त्याच वायफायवर उत्तम चालतो. गच्चीवरचा दुसरा कॅमेराही बंदच आहे, पण त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. दुकानदार म्हणतो, कॅमेरा गेला, नवा घ्या.

नवा घेण्याची घाई करू नका. राउटर बदलला त्याच दिवशी दोन्ही कॅमेरे एकदम बिघडले, हे पटण्यासारखे नाही. ‘पासवर्ड तपासा’ या सूचनेवरही फार विसंबू नये. कॅमेरा क्यूआर कोडमधून वायफायचे नाव आणि पासवर्ड वाचून घेतो व राउटरशी बोलणी सुरू करतो. इकडे ॲप मात्र कॅमेरा आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचण्याची वाट पाहत थांबलेले असते. ठरावीक वेळेत तो पोहोचला नाही, तर नेमके कोठे अडले हे बहुतेक ॲपना कळत नाही, आणि ती आपली नेहमीची शंका पुढे करतात.

पहिली परीक्षा हॉटस्पॉटची घ्या, कारण दोष कॅमेऱ्यात आहे की राउटरमध्ये हे तिने दहा मिनिटांत कळते. त्यासाठी दोन फोन लागतील. आईच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करा, त्याला साधे इंग्रजी नाव आणि आठ अक्षर-अंकांचा पासवर्ड द्या, आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, २.४ गीगाहर्ट्झ निवडा. आयफोन असेल तर ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय चालू करा. मग वडिलांच्या फोनवरच्या ॲपमधून कॅमेरा त्या हॉटस्पॉटला जोडून पाहा. तो जोडला गेला, तर कॅमेरा ठणठणीत आहे आणि पुढचे सगळे काम राउटरमध्ये आहे. माझा अंदाज असाच आहे.

आता फोन चालतो आणि कॅमेरा चालत नाही, असे का होते ते पाहू. नवे राउटर २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर चालतात आणि अनेकदा दोन्हींना एकच नाव देतात. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र फक्त २.४ गीगाहर्ट्झ कळते. ते स्वस्तही पडते आणि भिंतींतून ५ गीगाहर्ट्झपेक्षा अधिक दूर पोहोचते, त्यामुळे फाटकावरच्या कॅमेऱ्यासाठी ते वाईट नाही. नाव एकच असले तरी तत्त्वतः कॅमेऱ्याने आपला बँड शोधून घ्यायला हवा. प्रत्यक्षात काही राउटर प्रत्येक उपकरणाला ५ गीगाहर्ट्झकडे ढकलण्यासाठी २.४ वरच्या विनंतीला मुद्दाम उशिरा उत्तर देतात आणि कॅमेरा तेवढ्यात कंटाळतो. राउटरच्या मागच्या लेबलवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडा, ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ बंद करा आणि दोन्ही बँडना वेगवेगळी नावे द्या. जोडणी करताना फोनही २.४ च्याच नावावर ठेवावा, आणि फोनमध्ये व्हीपीएन असेल तर तेवढ्यापुरते बंद करावे.

तिथेच सुरक्षेचा प्रकार तपासा, कारण माझ्या मते खरी मेख बहुधा इथे आहे. वायफायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए३ ही पद्धत २०१८ साली आली आणि जुन्या कॅमेऱ्यांना फक्त तिच्या आधीची डब्ल्यूपीए२ समजते. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर असेल, तर पासवर्ड कितीही अचूक असला तरी कॅमेऱ्याला प्रवेश मिळणार नाही. दोन्हींच्या मिश्र पर्यायावरही काही कॅमेरे अडखळतात. २.४ च्या बँडसाठी डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस हा पर्याय ठेवा.

पासवर्डविषयी एकच गोष्ट सांगतो. फोनचा कीबोर्ड शब्द सुचवताना पुष्कळदा शेवटी एक मोकळी जागा सोडतो. ती टिंबांच्या रांगेत ओळखू येत नाही, पण क्यूआर कोडमध्ये जाते. म्हणून डोळ्याचे चिन्ह दाबून पासवर्ड उघडा आणि कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटलेला आहे ना, ते पाहा. वायफायचे नाव कोणी हौसेने देवनागरीत ठेवले असेल, तर तेही बदला. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट घेते. शिवाय कॅमेऱ्यांची सॉफ्टवेअर असली नावे नीट वाचतीलच असे नाही. मराठीचा अभिमान इथे तरी आवरावा लागतो.

हॉटस्पॉटवरही कॅमेरा जोडला गेला नाही, तर मात्र विजेकडे वळा. माझ्या वडिलांच्या घरी कॅमेरा दिवसभर चालायचा आणि दिवेलागणीनंतर गायब व्हायचा. आम्ही आठवडाभर राउटरला दोष देत बसलो. वायरमनने फाटकापर्यंत पोहोचावे म्हणून ५ व्होल्टची बारीक वायर मधे पिळून, वर टेप गुंडाळून लांबवली होती. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त विद्युतप्रवाह ओढतो, लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडते आणि बिचारा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. आम्ही २३० व्होल्टची लाईन फाटकापर्यंत नेली, बंद पेटीत प्लग बसवला आणि मूळचा अॅडाप्टर मूळच्या छोट्या वायरीसह तिथेच लावला. तक्रार संपली.

जोडणी नेहमी कॅमेरा खाली उतरवून, राउटरपासून दोन-तीन पावलांवर करावी आणि चित्र दिसू लागल्यावरच तो जागेवर न्यावा. घरात चालतो आणि फाटकावर चालत नाही, असे झाले तर प्रश्न अंतराचा आहे: मधे आरसीसीचा खांब, लोखंडी कपाट किंवा जाळीचे सेफ्टी डोअर असेल, तर राउटरची जागा दोन हात बदलूनही बराच फरक पडतो.

राहिला गच्चीवरचा कॅमेरा. त्याला रीसेट केलेले नाही, म्हणजे जुन्या वायफायचे नाव आणि पासवर्ड त्याच्या स्मरणात अजून आहेत. नव्या राउटरच्या २.४ च्या बँडला तंतोतंत तेच जुने नाव आणि तोच पासवर्ड द्या, लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही जशीच्या तशी, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. कॅमेरा चालू असेल, तर काही मिनिटांत तो आपण होऊन जोडला जाईल आणि वडिलांना शिडी चढावी लागणार नाही. हॉटस्पॉटची परीक्षा झाली की राउटरच्या कामांत हे आधी करा. तो कॅमेरा दिसू लागला की राउटरची मांडणी जमली असे समजा, आणि मग फाटकावरचा कॅमेरा खाली काढायला घ्या.