स्क्रीनमधून निसटणाऱ्या सिग्नलमध्ये करिअर होतं का?

मुलुंडच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॉनिटरमधून बाहेर पडणाऱ्या लहरी पकडून पडद्यावरचा मजकूर वाचता येतो, याने ती झपाटली आहे आणि यातच पुढे शिकायचं म्हणते. वडिलांचं म्हणणं, कॅम्पसला आयटीची नोकरी मिळेल ती घे, ही हेरगिरी कशाला?

ताई, हे खूळ नाही. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावून रेडिओ लॅपटॉपच्या चार्जरजवळ न्या, बहुधा खरखर वाढेल. ती खरखर मुकी असते. मॉनिटरच्या केबलमधून निघणाऱ्या लहरींत मात्र पडद्यावरचं चित्रच दडलेलं असतं. तेच चित्र सेकंदाला साठेक वेळा पुन्हा पुन्हा जात असल्यामुळे क्षीण सिग्नलही एकावर एक रचून गोंगाटातून वर काढता येतो. विम व्हॅन एक या डच संशोधकाने 1985 मध्ये साधा टीव्ही संच आणि थोडी स्वस्त जोडणी वापरून हे जगाला दाखवलं. मॉनिटर सपाट झाले म्हणून धोका टळला नाही, हे केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी 2004 मध्ये सिद्ध केलं. 2009 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी वायरच्या कीबोर्डवर दाबलेली बटणं 20 मीटरपर्यंतच्या अंतरावरून ओळखली.

वडिलांची काळजी मात्र रास्त आहे. निव्वळ या कामाच्या जागा थोड्या, बहुतेक संरक्षण क्षेत्रातल्या. म्हणून तिने पाया ईएमसीचा घालावा, म्हणजे उपकरणांतून लहरी किती गळतात ते मोजायचं आणि ती गळती थांबवायची. वैद्यकीय यंत्रं, गाड्या, चार्जर, सगळ्यांना ही चाचणी लागते, त्यामुळे पोटापाण्याची सोय होते. पवईला आयआयटीच्या आवारात समीर ही मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रॉनिक्सवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिथे विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट मिळतो का, तिने स्वतः जाऊन विचारावं. अँटेना आणि सिग्नल प्रोसेसिंग हे विषय मात्र गाईडवर काढू नयेत. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षाही द्यावी आणि कॅम्पसलाही बसावं, दोन्ही जमतं.

एक अट कडक पाळा. प्रयोग फक्त स्वतःच्या मॉनिटरवर. शेजाऱ्यांच्या भिंतीला अँटेना लावणं गंमत म्हणूनसुद्धा नको, तो गुन्हा ठरू शकतो.

एखाद्या रविवारी तिला हा प्रयोग वडिलांसमोर करायला सांगा. त्यामागचं गणित तिला त्यांच्या गळी उतरवता आलं, की मला पुन्हा लिहा, एम.टेक.ला कुठे अर्ज करायचा ते ठरवू.