घरच्या कॉम्प्युटरवर साइट टाकतोयस? आधी राउटर बघ

अरे डोमेन (साइटचं नाव) नंतर घे, आधी राउटरच्या सेटिंगमधे जाऊन इंटरनेटचा आयपी (नेटवरचा तुझा पत्ता) बघ आणि मग ब्राउझरमधे 'व्हॉट इज माय आयपी' सर्च करून कुठला दिसतो ते बघ. दोन्ही सारखे असतील तर उत्तम. पण राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ च्या मधला निघाला तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला, मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने तुझ्या मशीनकडे पाठवणं) कितीही कर, बाहेरून कोणी आत येणार नाही. माझ्या दोन रात्री यातच गेल्या म्हणून एवढं सांगतोय. अशा वेळी प्रोव्हायडरकडे स्टॅटिक आयपी माग (फक्त तुझा, न बदलणारा, वेगळे पैसे पडतात) नाहीतर सरळ क्लाउडफ्लेअर टनेल लाव (क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा, लोक तिच्यामार्फत तुझ्या साइटपर्यंत पोचतात), त्यात कनेक्शन तुझ्या मशीनकडून बाहेर जातं त्यामुळे राउटरला हातच लावावा लागत नाही.

मशीन म्हणून जुना लॅपटॉप मस्त, बॅटरी धड असेल तर लाईट गेली तरी चालू राहतो, फक्त झाकण लावल्यावर स्लीप होणार नाही असं सेटिंग कर. राउटरला मात्र छोटा यूपीएस हवाच.

एसएसएच (दुरून मशीनमधे लॉगिन करायची सोय) बाहेर उघडू नको, उघडलंसच तर पासवर्ड लॉगिन बंद करून 'की' (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) वापर. लॉगमधे रूट, ॲडमिन अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न दिसतील, घाबरू नको, बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) सगळीकडेच फिरत असतात.

टनेल नसेल तर कॅडी हा वेब सर्व्हर टाक, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट (साइट https वर चालायला लागतं ते) तो स्वतः आणतो आणि रिन्यूही करतो. आणि बॅकअप त्याच लॅपटॉपवर ठेवू नकोस प्लीज.