डुगडुगणारा गॅसचा पाइप

प्रश्न : कोथरूडला आमचा जुना वाडीवजा बंगला आहे. ड्राय बाल्कनीतून जाणाऱ्या गॅसच्या पिवळ्या लोखंडी पाइपचे दोन क्लॅम्प निघालेत, धक्का लागला की पाइप डुगडुगतो. स्क्रू पुन्हा पिळले, चार दिवसांत सैल. काय करावं?

उत्तर : स्क्रू गिलाव्यातच अडकलाय, विटेपर्यंत पोचलेला नाही. भोक पाडताना आधी पांढरी-राखाडी भुकटी येते, मग लाल. लाल आली की वीट लागली. तिथून पुढे दीड इंच तरी आत जा. जुन्या भोकाचा नाद सोडा, दोन इंच बाजूला नवं पाडा. ड्रिलला आठ एमएमचं बिट, भोकात स्क्रू धरायला आठचाच प्लास्टिकचा प्लग, घट्ट बसला पाहिजे. लाकडी गट्टी नको, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अर्ध्या इंची पाइपला मी दर दीड मीटरवर क्लॅम्प मारत आलोय, शिवाय बेंडजवळ एक जास्तीचा. भिंतीत वायर कुठून गेलीय ते आधी बघा.

पाइप ओढूनताणून क्लॅम्पमध्ये बसवू नका, जोडावर ताण येतो. काम झाल्यावर जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगताना दिसला तर गॅस गळतोय, व्हॉल्व्ह बंद करून गॅस कंपनीला फोन. पाना हातात घ्यायचा नाही.

आणि त्या पाइपवर ओले टॉवेल वाळत घालता ना? मला वाटलंच.