स्वतः पळणाऱ्या सूक्ष्म मोटारी डीएनए कशा ओळखतात? त्यांना इंजिन असतं काय?

इंजिन बिंजिन काही नसतं वो. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फस्सकन फेस येतो ना, तेच इथलं पेट्रोल. २००४ साली अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी एक बारीक काडी केली, लांबी २ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अर्धी सोन्याची अर्धी प्लॅटिनमची, आणि पेरॉक्साइडमध्ये सोडल्यावर ती प्लॅटिनमचं टोक पुढं करून आपली आपण पळाय लागली. इतक्या बारीक वस्तूला पाणी म्हणजे काकवीसारखं घट्ट लागतंय बघा, ढकलणं थांबलं की जागच्या जागी उभी, म्हणून हे नुसतं पळणंच मोठं काम.

आता डीएनए. २०१० ला जोसेफ वांग या शास्त्रज्ञाच्या ग्रुपनं भारी डोकं लावलं. हवा तो डीएनए सापडला की त्याला चांदीचे कण चिकटवायचे, ते कण पेरॉक्साइडमध्ये विरघळतात आणि चांदीचे आयन (म्हणजे विद्युतभार असलेले अणू) मिळाले की काडी जोरात पळते, म्हणजे डीएनए जास्त तितका स्पीड जास्त, मायक्रोस्कोपखाली नुसतं अंतर मोजायचं!

दुसरा प्रकार म्हणजे बुडबुडे सोडत जाणाऱ्या नळ्या, वरून अँटीबॉडी (ठराविक पेशीलाच चिकटणारं प्रोटीन) लावलेल्या, कॅन्सरची पेशी दिसली की धरून ओढत नेतात. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजाराच्या गर्दीत एका जागी उभं राहून ओळखीचा माणूस गाठ पडायची वाट बघण्यापेक्षा फिरून शोधलेलं बरं, तसंच हे.

पण पेरॉक्साइड शरीरात सोडता येत नाही, म्हणून आता चुंबक, अल्ट्रासाऊंड, युरिया असल्यावर चालणाऱ्या मोटारीपण करालेत. आपल्या बेळगावच्या लॅबमध्ये रिपोर्टला अजून सुईच टोचून घ्यावी लागणार.